एमएस ऑप्थॅल (नेत्ररोग), शक्यतो मुंबईतच: चॉइस फिलिंग, हाताची थरथर आणि अमेरिका

परळ_इंटर्न
नमस्कार. मुंबईतल्याच कॉलेजातून एमबीबीएस संपत आलंय, आता इंटर्नशिप. ऑप्थॅलच करायचंय. पेपर, पोस्टर, प्राध्यापकांचं शिफारसपत्र यांचा पीजीला कितपत उपयोग होतो? ऑल इंडिया आणि स्टेट, दोन्हीकडे चॉइस (कॉलेजांच्या पसंतीची यादी) कशा भरायच्या? मला मायनस सहाचा नंबर आहे आणि बारीक काम करताना हात किंचित थरथरतो, सर्जरीला अडेल का? घरचे अमेरिकेचंही सुचवतात.

रेसिडेंट_सायन
पहिल्या प्रश्नाचं उत्तर: शून्य. नीट पीजीच्या (पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या) प्रवेशात मुलाखत नाही, शिफारसपत्र नाही, पेपरला गुण नाहीत. रँक, प्रवर्ग आणि भरलेली यादी, एवढंच बघितलं जातं. त्यामुळे इंटर्नशिपमधला वेळ पोस्टरवर घालवू नकोस, अभ्यासाला दे.

परीक्षा २०० प्रश्नांची, ८०० गुणांची. बरोबरला ४, चुकलं तर १ वजा. २०२४ पासून पेपर ४० प्रश्नांच्या पाच भागांत असतो, प्रत्येकाला ४२ मिनिटं. वेळ संपला की तो भाग बंद होतो, मागे जाता येत नाही. 'अवघड प्रश्न शेवटी बघू' ही जुनी सवय इथे थेट गुण घालवते. सराव परीक्षाही ४२ मिनिटांचं घड्याळ लावूनच दे.

सरकारी आणि महापालिकेच्या कॉलेजांतल्या निम्म्या जागा एमसीसीच्या (केंद्राची प्रवेश समिती) ऑल इंडिया कोट्यातून जातात, निम्म्या राज्याच्या सीईटी सेलकडून. म्हणजे जेजे, केईएम, सायन, नायर ही नावं तुला दोन्ही याद्यांत दिसतील. दोन्हीकडे वेगवेगळी नोंदणी लागते. डीएनबीच्या (एमएसच्या तोडीची पदव्युत्तर पदवी) जागा मात्र एमसीसीकडूनच.

यादी आवडीच्या क्रमानं भर, मिळण्याच्या अंदाजानं नाही. वरची जागा मागितल्यानं खालची हातची जात नाही. संगणक वरून खाली बघतो आणि तुझ्या रँकला मिळणारी पहिली जागा देतो. आणि जिथे जायचंच नाही ते कॉलेज 'असू दे शेवटी' म्हणून कधीच टाकू नकोस. ऑल इंडियाच्या पहिल्या फेरीत जागा नाकारली तर नुकसान नाही, दुसऱ्या फेरीत नाकारली तर अनामत जाते (ओपनला २५,०००). तिसऱ्या फेरीत घेतलेल्या जागेचा राजीनामा चालत नाही.

कागदपत्रांत मुलं हमखास अडकतात. ऑल इंडियाला ओबीसीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातला लागतो, राज्याचा चालत नाही. एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्ग) फक्त स्टेटमध्ये धरतात. जात वैधता प्रमाणपत्र नसेल तर आजच मागे लाग, निकालानंतर वेळ पुरत नाही.

फेको_वॉर्ड
चष्म्याची काळजी सोडा. मायक्रोस्कोपच्या आयपीसवर नंबर फिरवता येतो, चष्मा लावूनही ऑपरेशन करता येतं. खरी अडचण असते ती खोली न जाणवण्याची. लहानपणी एक डोळा आळशी राहिला असेल तर स्टीरिऑप्सिस कमी असतो आणि उपकरणाचं टोक कॅप्सूलला (भिंगाच्या पातळ पिशवीला) टेकलंय की वर आहे हे कळत नाही. तुमच्याच ओपीडीत टायटमस चाचणी (खोली जाणवते का हे बघणारी) करून घ्या, पाच मिनिटांचं काम आहे.

थरथर बहुतेक वेळा उपकरण घट्ट धरल्यानं आणि मनगट हवेत ठेवल्यानं वाढते. करंगळीची बाजू पेशंटच्या कपाळावर किंवा गालावर टेकवली की निम्मी जाते. बोकडाच्या डोळ्यावर १०-० नायलॉननं (अतिबारीक धाग्यानं) टाके घालून बघा, अंदाज येईल.

आता कॉलेज निवडण्याबद्दल, कारण यावर पुढची तीस वर्षं अवलंबून असतात. 'तिथे किती ऑपरेशनं होतात' हे विचारू नका, तो आकडा सगळीकडे मोठाच असतो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या रेसिडेंटला विचारा: पहिल्या कटपासून लेन्स बसवेपर्यंत स्वतःच्या हातानं मोतीबिंदूच्या किती शस्त्रक्रिया केल्या? त्यांत एसआयसीएस (छोट्या छेदातून हातानं भिंग काढणं) किती, फेको (अल्ट्रासाउंडनं भिंग फोडून काढणं) किती? वेट लॅब (प्राण्यांच्या डोळ्यांवर सरावाची जागा) चालू आहे की कुलूप आहे? चांगल्या विभागात फेको उलट्या क्रमानं शिकवतात: आधी लेन्स बसवून व्हिस्को (डोळ्यात भरलेलं जेल) धुणं, मग कॉर्टेक्स (भिंगाचा मऊ थर) काढणं, मग न्यूक्लियस (कडक गाभा), आणि ऱ्हेक्सिस (कॅप्सूलला पाडायचं गोल छिद्र) शेवटी. कारण ऱ्हेक्सिस सव्वापाच मिलिमीटरच्या आसपास गोल राहिला तरच ६ मिलिमीटरची लेन्स नीट झाकली जाते. तो बाहेर पळायला लागतो तेव्हा बहुतेकदा व्हिस्को निसटून चेंबर (भिंगापुढची जागा) उथळ झालेला असतो. ओढत राहायचं नाही. थांबून व्हिस्को भरायचं. हे शेजारी बसून सांगणारा वरिष्ठ जिथे आहे ते कॉलेज यादीत वर घ्या, नाव कितीही साधं असो.

इंटर्नशिपमध्ये ऑप्थॅलचे दोनच आठवडे मिळतात. तेवढ्यात रेटिनोस्कोपी, म्हणजे प्रकाशझोतानं चष्म्याचा नंबर काढणं, शिका (६७ सेंटिमीटरवरून केली तर दीड डायॉप्टर वजा) आणि स्लिट लॅम्पवर (डोळे तपासायच्या मायक्रोस्कोपवर) हात बसवा.

प्रवासी_दादर
अमेरिकेचं थोडक्यात. तिथे ऑप्थॅल नेहमीच्या मॅचमधून (रेसिडेन्सीच्या जागावाटपातून) होत नाही, एसएफ मॅच वेगळी आहे. निकाल फेब्रुवारीत, मार्चच्या मोठ्या मॅचआधी. तीन शिफारसपत्रं लागतात. स्टेप १ ला (तिथल्या परवाना परीक्षेच्या पहिल्या टप्प्याला) जानेवारी २०२२ पासून गुण नाहीत, फक्त पास किंवा नापास, त्यामुळे सगळं वजन स्टेप २ सीके (दुसरा टप्पा) आणि संशोधनावर. बाहेरून शिकून आलेल्यांना तिथे फारच कमी जागा मिळतात. बरेच जण आधी तिकडे एखाद-दोन वर्षं रिसर्च फेलो म्हणून काम करतात, तेही अनेकदा बिनपगारी. तिथे पेपर आणि ओळखीच्या प्राध्यापकांचं पत्र खरंच मोजलं जातं. दोन्ही वाटांची तयारी एकदम करू नका, दोन्हीकडे अर्धवट राहतं.

परळ_इंटर्न
सर्वांचे मनापासून आभार. एकच शंका: पहिल्या फेरीत डीएनबी ऑप्थॅल मिळालं आणि अपग्रेड मागितलं, तर जुनी जागा राहते का?

रेसिडेंट_सायन
अपग्रेड झालं नाही तर राहते. झालं तर जुनी आपोआप रद्द, परत मागता येत नाही. म्हणून दुसऱ्या फेरीच्या नव्या यादीत हातातल्या जागेपेक्षा खरोखर चांगली वाटतात तेवढीच कॉलेजं टाक. आणि स्टेटमध्ये मिळालेलीच जागा पक्की ठेवायची असेल तर रुजू होताना स्टेटस रिटेन्शनचा फॉर्म भर, नाहीतर पुढच्या फेरीत तुझं नाव बेटरमेंटला (वरच्या पसंतीच्या जागेसाठी) धरलं जातं.