खनिजांच्या वजनाने समुद्रातला कार्बन खरंच खोल जातो का?

खारा_वारा
पृष्ठभागावरचे वनस्पतीप्लवक (तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पती) कार्बन डायऑक्साइड घेतात, मेल्यावर त्यांचे पुंजके होतात आणि ते हळूहळू खाली उतरतात. धूळ, चिकणमाती, कॅल्साइट (खडूतलं खनिज) असं काही जड त्यांना चिकटलं की उतरण्याचा वेग वाढतो. इथवर कळलं, पुढे तीन ठिकाणी अडलोय.
१) फरक नेमका किती पडतो?
२) मग जितकी माती जास्त तितका कार्बन जास्त खाली, असं का म्हणत नाहीत?
३) केओलिन (पांढरी चिनी माती) आणि डायटमचं (काचेसारखं कवच असलेल्या प्लवकांचं) कल्चर घेऊन हे तपासायचंय. गाळलेला नमुना ५५० अंशांवर जाळून वजनातली घट मोजली, तर माती घातलेल्या बाटल्यांत सेंद्रिय द्रव्य दुपटीहून जास्त दिसतं. हा आकडा धरावा का?

तळगाळ
पहिल्याचं उत्तर हिशेबानेच देतो. समुद्राच्या पाण्याची घनता सुमारे १.०२७, सेंद्रिय द्रव्याची १.०६ धरू, कॅल्साइटची २.७१, ओपलची (डायटमच्या कवचातली सिलिका) सुमारे २.१ (सगळे ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर). १ मिलिमीटरचा पुंजका घ्या. तो ९९.५ टक्के पाणीच असतो, घन भाग जेमतेम अर्धा टक्का. हा अर्धा टक्का निव्वळ सेंद्रिय असेल तर स्टोक्सच्या नियमाने (लहान कण द्रवात किती वेगाने उतरतो याचं सूत्र) वेग येतो दिवसाला ७ मीटर. त्याच घन भागात आकारमानाने एक दशांश कॅल्साइट घाला, वेग ४३ मीटर होतो. कॅल्साइटऐवजी ओपल घातलं तर ३० च्या आसपास.

एवढ्याशा खनिजाने सहापट फरक पडतो, कारण सेंद्रिय द्रव्य पाण्यापेक्षा फक्त ०.०३३ ने जड आहे आणि कॅल्साइट १.६८ ने. (प्लवकांमधून झिरपणाऱ्या चिकट शर्करांचे कण तर पाण्याहूनही हलके असतात. त्यांचं प्रमाण वाढलं की पुंजका तरंगूही शकतो.) ४३ च्या वर मात्र स्टोक्सचं सूत्र वेग फुगवून दाखवतं, तिथे ओढीची (पाण्याच्या विरोधाची) दुरुस्ती लावा.

आता हा वेग कुजण्याच्या वेगाशी ताडून बघा. जिवाणू दिवसाला साधारण १३ टक्के कार्बन खातात असं धरलं, तर ७ मीटरच्या वेगाने ५४ मीटर उतरेपर्यंत फक्त ३७ टक्के कार्बन उरतो. ४३ च्या वेगाने तेवढाच कार्बन ३३० मीटरपर्यंत पोचतो. किती खोल गेला हे महत्त्वाचं, कारण हिवाळ्यात घुसळल्या जाणाऱ्या थराच्या आतच तो कुजला तर त्याचा वायू लवकरच परत हवेत जातो.

पुंजका
दुसऱ्या प्रश्नात एक गृहीतक दडलंय, की खनिज स्वतः बुडतं आणि कार्बनला ओढून नेतं. २ मायक्रॉनचा मातीचा सुटा कण घ्या. घनता २.६ असूनही तो दिवसाला पाव मीटरच्या जवळपासच उतरतो, कारण वेग व्यासाच्या वर्गावर ठरतो. ४००० मीटर खोल तळ गाठायला त्याला ४० वर्षं लागतील! कोकोलिथच्या, म्हणजे काही प्लवकांच्या अंगावरच्या कॅल्साइटच्या, चकत्यांची गतही फारशी वेगळी नाही. म्हणजे खनिजाला खाली जायला पुंजका लागतो आणि पुंजक्याला वेग घ्यायला खनिज.

२००२ मध्ये खोल समुद्रातल्या गाळ-सापळ्यांच्या (वरून उतरणारे कण गोळा करणाऱ्या उपकरणांच्या) नोंदी एकत्र करून बघितल्या, तेव्हा १००० मीटरच्या खाली सेंद्रिय कार्बन आणि खनिजं, विशेषतः कॅल्साइट, यांचं प्रमाण बऱ्यापैकी ठरलेलं दिसलं. त्यावरून खनिजच कार्बन वाहून नेतं हा अर्थ निघाला. २००४ मध्ये समुद्रशास्त्रज्ञ उटा पासोव यांनी उलटा प्रश्न मांडला: पुंजका जाता जाता मावतील तेवढीच खनिजं गोळा करत असेल तर? तसं असलं तरी प्रमाण ठरलेलंच दिसेल. माझ्या मते दोन्ही खरं आहे आणि निव्वळ सापळ्यांच्या आकड्यांवरून ते वेगळं करता येत नाही.

जास्त मातीने काय बिघडतं ते फिरत्या टाक्यांच्या प्रयोगात दिसलं आहे. खनिज वाढवत गेलं की पुंजके घट्ट होतात, पण लहानही होतात. व्यास निम्मा झाला की वेग चौथाईवर येतो, त्यामुळे घनतेत मिळवलेलं आकारात जातं. शिवाय डिंक (प्लवकांच्या त्या चिकट शर्करा) संपला की उरलेली माती नुसती पाणी गढूळ करते, उजेड अडवते आणि मुळातलं उत्पादनच घटवते.

तळगाळ
तिसऱ्याबद्दल: तो आकडा धरू नका. केओलिनाइटच्या (केओलिनमधल्या मुख्य खनिजाच्या) वजनात सुमारे १४ टक्के पाणी स्फटिकाच्या रचनेतच बांधलेलं असतं आणि ४०० अंशांच्या पुढे ते सुटायला लागतं. फिल्टरवर २० मिलिग्रॅम केओलिन असेल तर २.८ मिलिग्रॅमपर्यंतची घट नुसत्या पाण्याची. खरं सेंद्रिय द्रव्य २ मिलिग्रॅम असताना दुपटीहून जास्त दिसणारच. कार्बन-नायट्रोजन विश्लेषकावरच मोजा. काचतंतूंचे फिल्टर आधी ४५० अंशांवर ४ तास भाजून घ्या. नमुन्यात कॅल्साइट असेल तर मोजण्याआधी फिल्टरला हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ द्या, नाहीतर कार्बोनेटमधला कार्बन सेंद्रियात मिसळतो.

खारा_वारा
घोळ कुठे होता ते कळलं, आभार. मांडणी कशी करू? साध्या बाटल्या हलवत ठेवल्या तर चालेल?

तळगाळ
नाही. हलवलं की पुंजके फुटतात आणि स्थिर ठेवलं की सगळं तळाशी चिकटून एकच गोळा होतो. १ लिटरच्या दंडगोल टाक्या आडव्या ठेवून मिनिटाला १ ते ३ फेरे द्या, अंधारात, २४ ते ४८ तास. टाकी काठोकाठ भरा. हवेचा एक बुडबुडा राहिला तरी तो फिरत राहून पुंजके तोडतो.

कल्चर वाढ थांबल्यानंतरचं घ्या, तेव्हा डिंक भरपूर असतो. केओलिन गाळलेल्या समुद्राच्या पाण्यात कालवा, लिटरला १ ग्रॅम. त्यातले ५ मिलिलिटर टाकीत घातले की ५ मिलिग्रॅम प्रति लिटर झालं. ०, १, ५, २० आणि ५० अशी मालिका पुरते. कालवण प्रत्येक वेळी ढवळूनच घ्या. प्रत्येक टाकीत, मातीशिवायच्या टाकीतही, कालवण आणि गाळलेलं पाणी मिळून ५० मिलिलिटर होईल एवढं गाळलेलं पाणी घाला, म्हणजे कल्चर सगळीकडे सारखंच विरळ होईल. आणि एक टाकी प्लवकांशिवाय नुसत्या मातीची हवीच, कारण खाऱ्या पाण्यात केओलिन आपलं आपणही गोळा होतं. ही टाकी नसेल तर मातीचे गोळे कार्बनचे पुंजके म्हणून मोजले जातात.

वेग मोजायला रुंद तोंडाच्या पिपेटने पुंजका उचला आणि त्याच क्षारतेच्या, त्याच तापमानाच्या पाण्याच्या उंच नळीत अलगद सोडा. पहिले १० सेंटिमीटर सोडून पुढच्या १० ते २० सेंटिमीटरची वेळ घ्या. नळीतलं पाणी अर्ध्या अंशाने जरी वेगळं असलं तरी प्रवाह तयार होतात आणि हलके पुंजके वरही जाताना दिसतात. प्रत्येक पुंजक्याचा व्यासही टिपा, त्याशिवाय घनतेचा परिणाम आणि आकाराचा परिणाम वेगळे काढता येणार नाहीत.

ओपल
एक भर. कॅल्साइट फुकट मिळत नाही. ते तयार होताना पाण्यात कार्बन डायऑक्साइड सुटतो, दर मोलमागे साधारण ०.६ मोल हवेकडे जाऊ शकतो. म्हणून कोकोलिथवाल्या प्लवकांनी किती कार्बन खाली नेला हे सांगताना ही वजाबाकी करावी लागते. ओपलच्या बाबतीत ती नाही, पण समुद्राचं पाणी सिलिकाला कुठेच संपृक्त नसल्याने उतरता उतरता ते विरघळत राहतं.

मातीला यातलं काही लागू नाही. कोरियात लाल भरतीवर (प्लवकांच्या बेसुमार वाढीने पाणी लालसर होतं त्यावर) १९९६ पासून पिवळी माती फवारतात. मात्र तिथला हेतू विषारी प्लवक पाण्यातून काढणं हा आहे आणि ते उथळ किनाऱ्यावर होतं. तिथला कार्बन खोल जात नाही, तळावर कुजून तिथलाच ऑक्सिजन खातो. त्या फवारणीच्या यशावरून खोल समुद्राचा हिशेब मांडू नका.

पुंजका
शिवाय टाकीत प्राणीप्लवक नसतात. कोपेपॉड (बारीक कवचधारी प्राणीप्लवक) माती गिळतात आणि ती त्यांच्या विष्ठेच्या गोळ्यांत घट्ट बांधली जाते. जमलं तर पुढच्या फेरीत ५ मिलिग्रॅमच्या टाकीत थोडे कोपेपॉड सोडून बघा, गोळ्यांचा वेग वेगळा मोजा.

खारा_वारा
नुसत्या मातीची टाकी लावलीच नव्हती. सोमवारी मालिका नव्याने लावतोय, व्यासासकट वेगाचे आकडे इथेच टाकेन.