मदत हवी आहे : अण्णांच्या केमोच्या काळात भजन कसं चालू ठेवावं?

राम कृष्ण हरी मंडळी. आम्ही फलटण तालुक्यातले, तरडगावजवळचे. माझे चुलते अण्णा, आमच्या दिंडीचे विणेकरी. त्यांना ब्लड कॅन्सर निघालाय, केमो सुरू आहे. माऊलींची पालखी नीरा ओलांडून लोणंदला आली की त्यांना घर आठवत नसे. यंदा चांदोबाच्या लिंबाचं रिंगणही हुकणार, याचंच त्यांना जास्त लागलंय.

भजनी मंडळाला दर एकादशीला घरी येऊन बसायचंय. अण्णांनाही तेच हवंय. टाळ कानावर पडला की दोन घास जास्त जातात, हे मी बघतोय. पण डॉक्टर म्हणतात, पांढऱ्या पेशी कमी झाल्यात, गर्दी नको, सर्दीतापाचं माणूस तर जवळही नको. मंडळी अंगणात आणि अण्णा आत खिडकीपाशी, असं कुणी केलंय का? माळकरी वडीलधाऱ्यांना पाया पडायला आत येऊ नका, हे कसं सांगावं?

दुसरं, प्लेटलेट लागतात. त्या पाचच दिवस टिकतात, म्हणून एकदम शिबिर घेऊन उपयोग नाही, पाळीपाळीने दाते हवेत. साताऱ्यात अशी यादी कुणी चालवली असेल तर कशी, ते सांगा.

काही जण म्हणतात, औषध सोडा, नुसतं नाम घ्या. मला ते अजिबात पटत नाही. नाम आणि औषध दोन्ही चालू राहील.

मुंबईला टाटाला जावं लागलं तर दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिलेल्या कुणीतरी तिथली सोय कशी होते तेही कळवा.