फुकट बस म्हणजे फुकट्यांची सोय? (पुणे-पिंपरी)

गल्लीबाहेरचा: आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर काल एक मेसेज फिरला: "बस फुकट केली की रिकामटेकडे दिवसभर एसीत बसून गाव फिरणार, आणि मालमत्ता कर आपण भरायचा." तिथे वाद घातला तर ग्रुपमधून काढतील, म्हणून इथे.

अहो, तो कर आजही बसला जातोच. पीएमपीची, म्हणजे आपल्या शहर बससेवेची, तूट पुणे आणि पिंपरी-चिंचवड महापालिका ६०:४० वाटून भरतात. जून २०२५ मध्ये किमान तिकीट ५ चं १० झालं, मासिक पास ९०० चा १५०० झाला, तरी तूट आहेच. धुणीभांडी करून चार घरं फिरणाऱ्या बाईकडून रोज दहा-दहा काढून कुणाची तिजोरी भरली? तिकीट बंद करा आणि पैसा पार्किंगमधून उभा करा. २०१८ ला पार्किंग धोरण मंजूर झालं, त्यावर धूळ बसलीय. सकाळपासून रस्त्याकडेला चारचाकी लावून ठेवणारा सरकारी जागा फुकट वापरतो, त्याला कुणी फुकट्या म्हणत नाही!

हडपसरी हिशेबनीस: भाषण झकास. पण कोंडीत अडकलेली बस फुकट मिळून करायचं काय? एस्टोनियाची राजधानी टालिनमध्ये २०१३ पासून रहिवाशांना बस फुकट आहे. गाडीवाले फारसे हलले नाहीत, पायी जाणारे मात्र बसमध्ये आले. शिवाय तिथे रहिवासी नोंदला की त्याच्या आयकरातला वाटा शहराला मिळतो. आपल्या पालिकेला कोण देतंय? कर्नाटकची बायकांना फुकट बस देणारी 'शक्ती' योजना सांगू नका, ते पैसे राज्य सरकार देतं.

आधी वेग. दीड तासाची फेरी तासात झाली तर तीन तासांत दोनच्या जागी तीन फेऱ्या. बस तीच, ड्रायव्हर तोच.

कंडक्टरची लेक: तिकीट गेलं म्हणजे कंडक्टरही गेला, हे कुणी बोलतच नाहीये. ठेक्याच्या बसवर ड्रायव्हर ठेकेदाराचा, कंडक्टर तेवढा पीएमपीचा. तोही काढा, म्हणजे झालं! चिल्लरच्या बॅगेच्या पट्ट्याचा वळ बाबांच्या खांद्यावर कायम असायचा. पण बस सोडायची डबल बेल मारण्याआधी म्हातारी वर चढली का, हे तेच बघायचे. मशीन बघणार आहे?

गल्लीबाहेरचा: ताई, कंडक्टर काढा असं मी कुठे म्हटलं? राहू देत की. तिकीट फाडण्याऐवजी दार सांभाळतील.

कंडक्टरची लेक: हो हो, आणि पगार पार्किंगच्या धोरणातून. धूळ झटकली की सांगा.

खराडी टू-व्हीलर: वेग म्हणजे परत बीआरटी, बसची वेगळी लेन ना? २००६ पासून बघतोय, कात्रज-स्वारगेट-हडपसर. मधला रस्ता बससाठी अडवला आणि आम्ही कडेला घुसमटलो. नगर रस्त्यावरची उखडली ते उत्तम झालं.

हडपसरी हिशेबनीस: घुसमटलात? बसच्या लेनमध्ये सगळ्यात आधी तुमचंच हँडल घुसायचं. वॉर्डन शिट्टी फुंकतोय आणि हे हेल्मेटात मोबाईल खुपसून उलट्या बाजूने येतायत! बीआरटी तुम्ही मारलीत.

खराडी टू-व्हीलर: वैयक्तिक येऊ नका. आईला डायलिसिसला न्यायचो, मागे ती बसलेली, पुढे अर्धा किलोमीटर रांग. घुसायचो, पुन्हा घुसेन. तुमचा हिशेब तिला ऐकवा.

हडपसरी हिशेबनीस: त्याच रांगेमागे अॅम्ब्युलन्सही असते साहेब. तुमच्या आईबद्दल बोलत नाहीये, रोज ऑफिसला घुसणाऱ्यांबद्दल बोलतोय. ते सगळेच डायलिसिसला निघालेले असतात का?

नवी पेठेतले नाना: तुमचं चालू द्या. आमच्या थांब्यासमोर तीन रिक्षा आणि एक भुर्जीची गाडी. बस थांबते रस्त्याच्या मधोमध, आणि आम्ही गुडघे सांभाळत तिच्यामागे पळायचं. एसटी पंचाहत्तरीनंतर फुकट, म्हणजे पुढच्या वर्षी मी सोलापूरला फुकट जाणार. इथे मंडईच्या बसमध्ये चढता आलं तर तिकिटाचं बघू.

गल्लीबाहेरचा: नाना, तेच तर म्हणतोय! त्या रिक्षा उभ्या आहेत ते पण पार्किंगच.

हडपसरी हिशेबनीस: बरं, पार्किंगचा पैसा वेगळ्या खात्यात आणि फक्त बसला, असा ठराव करून आणा. मग फुकट बसला मीही हात वर करीन. तोवर पास ९०० वर आणला तरी पुष्कळ.

खराडी टू-व्हीलर: पार्किंगला पैसे लावायला माझी काही हरकत नाही.

गल्लीबाहेरचा: अरे वा, खराडीकर! म्हणजे तुम्ही भरणार?

खराडी टू-व्हीलर: चारचाकीला म्हटलं मी.