समुद्राच्या वाळूत गाडी घालायचं ठरतंय, खरंच एवढी मजा असते की नुसतं टेन्शन?

निवांत_चालक

नमस्कार मंडळी. आमच्या ग्रुपमध्ये तिघांकडे फोर बाय फोर (चारही चाकांना इंजिनची ताकद मिळणाऱ्या) गाड्या आहेत, त्यात मीच सगळ्यात नवखा. पुढच्या महिन्यात एका किनाऱ्यावर जायचं चाललंय, तिथे परमिट काढून गाडी वाळूवर नेता येते, म्हणजे लपूनछपून काही नाही. चिखलाचे, दगडधोंड्यांचे रस्ते थोडेफार झालेत पण समुद्राची वाळू हा प्रकार एकदम नवीन. ते पाण्याच्या कडेने सुसाट जाणाऱ्या गाड्यांचे व्हिडिओ बघितले की हात शिवशिवतात, आणि त्याच्याच खाली पुढचा व्हिडिओ येतो त्यात नवीकोरी गाडी बॉनेटपर्यंत पाण्यात आणि मालक बाजूला डोक्याला हात लावून उभा. बायको म्हणते एवढी मजा आहे तर शेवटी ट्रॅक्टर का बोलवावा लागतो.

तर विचारायचं असं की चिखलातून निघणारी गाडी वाळूत का रुतते? टायरची हवा किती कमी करायची (एकजण १२ म्हणतो, दुसरा २५ च्या खाली जाऊच नको म्हणतो)? आणि खरंच काही वेगळं वाटतं का की फोटोपुरतंच असतं सगळं?

फोर_लो

शेवटच्या प्रश्नापासून सुरू करतो. वेगळं वाटतं, शंभर टक्के. रस्त्यावर स्टिअरिंग फिरवलं की गाडी वळते, वाळूत तुम्ही फिरवता आणि गाडी क्षणभर विचार करून मग वळते, त्यामुळे होडी हाकल्यासारखं वाटतं. खडखडाट नाही, खड्डे नाहीत, टायरखालून नुसता सरसर आवाज, इंजिन मात्र एका सुरात ओढत असतं, आणि समोर ना लेन ना डिव्हायडर. मऊ पट्टा लागला की आधी इंजिनचा आवाज जड होतो, मग स्पीड पडायला लागतो, त्या दोन-तीन सेकंदांत पाय कसा ठेवायचा ते ठरवावं लागतं. खरी किक तिथे आहे, स्पीडमध्ये नाही. स्पीडसाठी जाणार असाल तर हायवे बरा.

चिखल आणि वाळू यातला फरक असा की चिखलात बऱ्याचदा खाली कुठेतरी टणक थर असतो, चाक फिरत फिरत तिथपर्यंत पोचतं आणि पकडतं. कोरड्या वाळूला असा तळच नाही. चाक जागच्या जागी फिरलं की ते फक्त खड्डा खणतं, तुम्ही जेवढी रेस द्याल तेवढा खोल, आणि बघता बघता गाडीचं पोट वाळूला टेकतं. पोट टेकलं म्हणजे चाकांवर वजनच राहत नाही, मग चारही चाकं फिरली तरी उपयोग शून्य. म्हणून चाक नुसतं फिरतंय असं वाटलं की त्याच क्षणी पाय काढायचा आणि आपण आलो त्याच चाकोरीतून रिव्हर्स घ्यायचा, ती वाळू आधीच दाबलेली असते.

हवेचं म्हणाल तर तुमचे दोन्ही मित्र आपापल्या जागी अडून बसलेत. साधारण गाडीला १५ ते २० पीएसआय (टायरमधल्या हवेच्या दाबाचं माप) या पट्ट्यात काम होतं, जड गाडी असेल तर वरच्या बाजूला. १८ वर सुरुवात करा, इंजिन जड ओढायला लागलं की आणखी दोन काढा. हवा काढल्याने टायर रुंद होतो असं सगळ्यांना वाटतं, पण मुख्यतः तो लांब होतो, जमिनीला टेकणारा भाग पुढे-मागे पसरतो आणि वजन वाटलं जातं. १२ हा रुतल्यावरचा उपाय आहे, तेवढ्यावर जोरात वळवलंत तर टायर रिमवरून सुटू शकतो आणि वाळूत जॅक लावून तो परत बसवणं म्हणजे अख्खी दुपार गेली. डांबरी रस्त्याला लागल्यावर हवा भरल्याशिवाय पळवायचं नाही, मऊ टायर तापतो आणि फुटतो.

अजून एक, वाळूत लोक रुततात ते बहुतेक थांबताना आणि परत निघताना. कचकन ब्रेक मारला की चारही चाकांपुढे वाळूचा ढीग जमतो आणि निघताना पहिल्याच फुटाला चढ. गाडी आपोआप मंदावू द्यायची आणि उताराकडे तोंड करून उभी करायची. ट्रॅक्शन कंट्रोल बंद करा, नाहीतर चाक जरा घसरलं की ते पॉवर कापतं आणि नेमकी गरज असताना गाडी मरते.

चक्रम_चंपक

वहिनींचा ट्रॅक्टरचा मुद्दा मात्र कोणी खोडून काढला नाही अजून 😀 हलके घ्या.

खारवा

फोर_लो यांनी गाडीचं सगळं सांगितलं पण पाण्याचं काहीच नाही, आणि बुडालेल्या गाड्यांच्या व्हिडिओंमध्ये नव्वद टक्के गोष्ट पाण्याचीच असते. गाडी रुतणं हा काही अपघात नाही, अर्ध्या तासाची अंगमेहनत आहे. गाडी रुतली आणि भरती चालू आहे, हा अपघात.

बहुतेक किनाऱ्यांवर दिवसातून दोनदा भरती, दोनदा ओहोटी, दोन भरतींमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं. म्हणजे वेळ रोज पन्नासेक मिनिटांनी पुढे सरकते, काल चार वाजता रिकामा होता म्हणून आज चारला जाऊ हा हिशोब चुकतो. काही समुद्रांत दिवसाला एकच भरती असते, त्यामुळे त्या जागेचंच टाइड टेबल (भरती-ओहोटीच्या वेळांचा तक्ता) बघायचं, दुसरीकडचं नाही. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असतं, तेव्हा पाणी जास्त मागे जातं आणि तेवढंच जास्त आत येतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, तेव्हा फरक कमी. नवख्या माणसाला ओहोटी बघून मोह होतो तो उधाणाच्या दिवशी, वाळवंटच वाळवंट पसरलेलं दिसतं ना समोर.

आता जे फारसं कोणी सांगत नाही ते. पाणी दर तासाला सारखं चढत नाही. ओहोटीनंतर पहिल्या तासात एकूण चढायच्या पाण्याचा फक्त बारावा हिस्सा येतो, दुसऱ्यात दोन हिस्से, तिसऱ्या आणि चौथ्यात तीन-तीन, मग परत दोन आणि एक. ठोकताळाच आहे पण कामाचा. म्हणजे पहिला तासभर पाणी हललंय असं वाटतच नाही, आणि मधल्या दोन तासांत अर्धी भरती येऊन जाते. समजा एकूण फरक ४ मीटरचा आहे आणि किनारा इतका सपाट की १०० मीटर चाललं की १ मीटर उतार. तिसऱ्या एका तासात पाणी १ मीटर चढणार म्हणजे तुमच्याकडे १०० मीटर सरकणार. फावडं मारत बसलेल्या माणसाला हे पाठीमागे दिसत नाही. वर समुद्राकडून वारा सुटला असेल तर टेबलमधल्या आकड्यापेक्षाही पाणी वर येतं.

म्हणून पाणी उतरत असताना आत जायचं आणि ओहोटी होऊन पाणी फिरलं की परतीला लागायचं. फिरल्यावर अजून खूप वेळ आहे असं वाटतं, वाटू दे.

आणि चालवायची कुठे? भरतीची रेघ (जिथे शेवाळ, शिंपले, काटक्यांची ओळ दिसते ती) आणि लाटा यांच्या मधल्या ओल्या टणक पट्ट्यात. अगदी पाण्यातून उडवत जाऊ नका. ओल्या वाळूवर पाय ठेवला की पावलाभोवतीची वाळू एकदम कोरडी, पांढरट पडते बघा, ते चांगलं लक्षण. कण घट्ट बसलेले असतात, दाब आला की जरा सुटे होतात आणि मधल्या फटींत पाणी शोषलं जातं. ऑस्बोर्न रेनॉल्ड्स या शास्त्रज्ञाने १८८५ मध्ये हे समजावून सांगितलं होतं. उलट पाय ठेवल्यावर वाळू डुचमळली, पाणी वर आलं, तर तिथे गाडी न्यायची नाही. आणि लाटांच्या टप्प्यात उभी तर करूच नका, प्रत्येक लाट परत जाताना टायरखालची थोडी वाळू घेऊन जाते, पाच-दहा मिनिटांत गाडी स्वतःहून खाली बसते.

टिटवी

माझा प्रतिसाद आवडणार नाही पण लिहितेच. एवढ्या प्रतिसादांत किनारा म्हणजे नुसती वाळू आणि पाणी असं धरून चाललेत सगळे. त्या वाळूत कोणीतरी राहतं. वाळूतले फिकट पांढरे खेकडे दिवसा बिळात असतात, बीळ उथळ असेल तर वरून टायर गेला की आतल्या आत चिरडतात, आणि रात्री ते बाहेर फिरतात तेव्हा तर काही संरक्षणच नाही. चिलखे उघड्या वाळूवर अंडी घालतात, ना काड्यांचं घरटं ना काही, रंग इतका बेमालूम की मी दुर्बीण घेऊन उभी असताना हातभर अंतरावरची अंडी मला दिसली नव्हती, गाडीच्या काचेतून तुम्हाला काय दिसणार. कासवाचं पिल्लू पाण्याकडे निघतं आणि टायरच्या खोल चाकोरीत पडतं, बाहेर चढता येत नाही म्हणून चाकोरीतूनच चालत राहतं आणि थकून किंवा पक्ष्यांच्या तोंडी जाऊन संपतं. मागे टेकाडावर मर्यादवेल असते, तिच्या मुळ्या वाळू धरून ठेवतात. मस्त चढ दिसतोय म्हणून त्यावर गाड्या चढवतात, वेल तुटली की वारा टेकडी उडवायला मोकळा.

जिथे परवानगी आहे तिथेही नियम उगाच नसतात. अमेरिकेत केप हॅटेरसला २०१२ पासून परमिट लागतं आणि कासवांच्या हंगामात रात्री गाड्या बंद. डेटोनाला एकेकाळी त्याच वाळूवर वेगाचे विक्रम व्हायचे, ब्रिटिश रेसर माल्कम कॅम्पबेल १९३५ मध्ये ताशी ४४० किलोमीटरच्या वर गेला होता. आज तिथेच ताशी १० मैलांची मर्यादा आहे. का? कारण वाळूवर माणसं झोपलेली असतात, पोरं पळत असतात आणि लाटांच्या आवाजात मागून आलेली गाडी ऐकूच येत नाही.

फोर_लो

टिटवी ताई, सहमत, टेकाडावर गाडी चढवणाऱ्यांना आमच्यातलेही लोक शिव्याच घालतात. पण ओहोटीच्या ओल्या पट्ट्यात राहिलं तर नुकसान खूपच कमी, तिथे ना वेली ना घरटी. परवानगी असलेल्या ठिकाणी नियम पाळून जाणाऱ्याला त्याच तराजूत तोलू नये एवढंच.

टिटवी

कमी, शून्य नाही. ओल्या पट्ट्यातही वाळूत जीव असतात आणि पक्षी तिथेच चरतात. आणि त्या पट्ट्यापर्यंत पोचायला कोरडा भाग ओलांडावाच लागतो ना? निदान ठरवून दिलेल्या वाटेनेच आत जा, पंधरा जणांनी पंधरा वाटा पाडू नका. थव्यातून गाडी घालून पक्षी उडवायचे आणि व्हिडिओ काढायचा हे तर कृपा करून नकोच.

पाना_पक्कड

दोघांचं चालू द्या, मी माझ्या कामाचं बोलतो. वाळूत माणूस मरतो तो बुडून कमी, दोरीने आणि गाडी उलटून जास्त, असं माझं मत.

दोरी आधी. रुतलेली गाडी दुसऱ्या गाडीने ओढताना ताणणारा पट्टा वापरतात, स्नॅच स्ट्रॅप. त्यात प्रचंड ताण साठतो. तो कधीही, म्हणजे कधीही, ट्रेलर ओढायच्या गोळ्याला अडकवायचा नाही. तो गोळा झटक्यासाठी बनलेलाच नसतो, तुटला की लोखंडाचा गोळा काच फोडून आत येतो, असे बळी गेलेत. चासीला बोल्ट केलेले रिकव्हरी पॉइंट असतात ते निघायच्या आधी घरीच शोधून ठेवा. गाडी वाहतुकीत बांधायला दिलेली बारीक कडी म्हणजे रिकव्हरी पॉइंट नव्हे. पट्ट्यावर मधोमध जाड ओली चादर किंवा गोणपाट टाका आणि बघ्यांना पट्ट्याच्या लांबीच्या दीडपट लांब पाठवा. बघे ऐकत नाहीत, प्रत्येकाला जवळून शूट करायचं असतं. ओढायच्या आधी फावड्याने चाकांपुढची आणि पोटाखालची वाळू काढा, दहा मिनिटं खणलं की निम्म्या वेळा दोरी लागतच नाही, रिकव्हरी बोर्ड (चाकाखाली पकडीसाठी ठेवायच्या फळ्या) ठेवले की गाडी आपली आपण निघते. बोर्ड सपकन मागे उडतात, मागे कोणी नको.

उलटण्याचं म्हणजे, ऑस्ट्रेलियातल्या क'गारी बेटावर (पूर्वीचं फ्रेझर आयलंड) किनारा हाच कायदेशीर रस्ता आहे, ताशी ८० ची मर्यादा, त्याच वाळूवर छोटी विमानंसुद्धा उतरतात. सपाट दिसतं म्हणून लोक पळवतात आणि मध्येच गोड्या पाण्याचा ओहोळ वाळू कापून गुडघाभर पायरी करून ठेवलेला असतो, दुपारच्या उन्हात ती पायरी दिसत नाही, दिसते तेव्हा घाबरून स्टिअरिंग कचकन फिरवतात. हवा काढलेला मऊ टायर वाळूत रुततो, टपावर सामान, गाडी आडवी. तिथे पर्यटकांनी भरलेल्या गाड्या उलटून माणसं गेलीत. टपावर जड काही ठेवू नका आणि मऊ टायरवर झटक्यात वळू नका. बेल्ट सगळ्यांना, मागच्यांनाही.

मिठाचं तर काय सांगू. परत आल्यावर बॉनेट पुसून काही होत नाही, गाडी वर घेऊन खालून गोड्या पाण्याने धुवा, ब्रेकच्या आत, चासीच्या पोकळ भागात. वाळू मीठ धरून बसते आणि आतून खात राहते. पॉलिसी पण वाचा, भरतीत बुडलेली गाडी बऱ्याच पॉलिसीत बसत नाही. आणि इलेक्ट्रिक गाडी असेल तर खाऱ्या पाण्यापासून दोन हात लांबच, २०२२ मध्ये फ्लोरिडात चक्रीवादळानंतर खाऱ्या पाण्यात बुडालेल्या गाड्यांच्या बॅटऱ्या नंतर पेटल्या होत्या.

निवांत_चालक

सगळ्यांचे आभार, एवढं सविस्तर मिळेल असं वाटलं नव्हतं. खारवा, तुमचा बारा हिस्स्यांचा हिशोब ग्रुपवर टाकला आणि आमच्या लीडरने ठरवलेली वेळ तीन तासांनी बदलली, तो चक्क भरती चढताना जायचं म्हणत होता. टिटवी ताई, रात्रीची राइड प्लॅनमध्ये होती ती काढली, वाटही ठरलेलीच घेऊ. बायको येते म्हणाली, पण फावडं ती नाही मारणार म्हणे.

एक शेवटचं, हवा परत भरायला छोटा कॉम्प्रेसर घेतोय, सिगरेट लायटरच्या सॉकेटवर चालणारा चालेल ना?

पाना_पक्कड

चालेल पण चारही टायर भरेपर्यंत जीव जाईल, आणि मोठा त्या सॉकेटला लावलात तर फ्यूज उडेल. बॅटरीला थेट क्लिप लागणारा घ्या, इंजिन चालू ठेवून भरा, मध्ये थंड होऊ द्या. गेज वेगळा घ्या, कमी हवा नीट दाखवणारा. आणि व्हॉल्व्हच्या टोप्या काढल्या की लगेच खिशात, वाळूत पडली की परत सापडत नाही.