वर्षभरच थांबायचंय, मग अंतरा कशाला?

रंकाळाकाठ: मे महिन्यातली लग्नं उरकली की आपल्या कोल्हापुरात एक सल्ला हमखास ऐकू येतो: "तीन महिन्यांतनं एक सुई, डोक्याला ताप न्हाई." पण वर्षभरानं मूल हवं असेल त्या जोडप्याला अंतरा, म्हणजे ही गर्भनिरोधक सुई, सुचवणं चूकच. १५० मिलिग्रॅमची सुई ३ महिने पुरते, मात्र शेवटच्या सुईनंतर दिवस राहायला साधारण ७ ते १० महिने जातात. वांझपण येत नाही, उशीर होतो. तेवढ्यात घरात कुजबुज सुरू.

पन्हाळकर: उशीर मान्य. पण एकत्र कुटुंबात गोळ्यांचं पाकीट लपवायचं कुठं? सुई कुणाला दिसत नाही. दोन-तीन वर्षं थांबायचं असेल तर मी अंतराच म्हणेन. टोचलेली जागा चोळू नये, शेकू नये. औषध लवकर शोषलं जातं. मधेच डाग पडतात किंवा पाळी बंद होते, हे आधीच सांगा. नाहीतर दुसऱ्या सुईला बाई येतच नाही.

रंकाळाकाठ: प्रश्न वर्षाचाच आहे ओ! त्यासाठी छाया ही गर्भनिरोधक गोळी घ्या. पाळीच्या पहिल्या दिवशी पहिली गोळी, मग ३ महिने आठवड्यातनं दोनदा. समजा रविवार-बुधवार. नंतर फक्त रविवारी. हार्मोन नाही. पाळी मात्र लांबते.

शाहूपुरीकर: आणि तिथंच गडबड होते. आठवड्याची गोळीच जास्त विसरते. ७ दिवसांपेक्षा उशीर झाला तर पुन्हा पहिल्यापासून, आठवड्यातनं दोनदा. त्यापेक्षा तांबी (गर्भाशयात बसवायची कॉपर-टी) बसवा. '३७५' प्रकारची ५ वर्षं चालते, '३८० ए' १० वर्षं. नको झाली की कधीही काढता येते आणि त्याच महिन्यात दिवस राहू शकतात.

पन्हाळकर: पहिलं मूल नसताना तांबी?

शाहूपुरीकर: चालते. "आधी एक होऊ दे" हा नुसता जुना समज. बसवताना कळ जास्त येऊ शकते, एवढंच. पाळीत आधीच जास्त अंगावर जात असेल, रक्त कमी असेल तर मात्र तांबी नको. तिथं माला-एन ही रोजची गर्भनिरोधक गोळी बरी, रक्तस्राव कमी होतो. पण रक्तदाब किंवा डोळ्यांपुढं चमकून उठणारी अर्धशिशी असेल तर तीही नाही.

रंकाळाकाठ: चला, अंतरा तरी सुटली.

पन्हाळकर: वर्षासाठी सुटली, बाकी नाही. आणि काहीही निवडा, फॉलिक ॲसिड ४०० मायक्रोग्रॅम रोज, साधन थांबवायच्या निदान महिनाभर आधीपासून. बाळाच्या मज्जारज्जूची नळी नीट मिटायला ते लागतं, आणि ती गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांतच मिटते. पाळी चुकली म्हणून तपासायला जाईपर्यंत ते काम उरकत आलेलं असतं.