टर्नर गेला, पेसर्सच्या पिव्होटवर आता कोण?

(ग्रुप: पोडियम बास्केटबॉल, जुलै २०२५. विषय: अमेरिकेच्या एनबीए लीगमधली इंडियाना पेसर्स टीम आणि तिचा पिव्होट, म्हणजे मधला उंच खेळाडू, सेंटर)

निखिल, डी-५०१: झालं, आता अधिकृत आहे. पेसर्सचा मुख्य गार्ड हॅलिबर्टन अकिलीस तुटल्यामुळे २०२५-२६ चा अख्खा सीझन बाहेर, टीमचे प्रमुख प्रिचर्डनीच सांगितलं. सेंटर टर्नर आधीच मिलवॉकीला गेला. गेल्या महिन्यात फायनलचा सातवा सामना खेळलेली टीम आहे ही! माझं म्हणणं एकच: आपला जुना सेंटर साबोनिस, जो आता सॅक्रामेंटो किंग्जकडे आहे, त्याला परत आणा.

ओंकार, बी-७०४: आणून खेळवणार कोणाबरोबर?

निखिल, डी-५०१: आपल्या फॉरवर्डबरोबर, सियाकमबरोबर. किंग्जचं सगळं विस्कटलंय. डिसेंबरात कोच माइक ब्राउनला काढलं, फेब्रुवारीत त्यांचा स्टार गार्ड फॉक्स स्पर्सला गेला. त्यांना पुन्हा पहिल्यापासून टीम बांधायची असेल तर साबोनिस सुटू शकतो.

सई, ए-११०३: किंग्जची फॅन अजून ग्रुपवर आहे हं. आणि ८ फेब्रुवारी २०२२ चा तो ट्रेड (साबोनिस आमच्याकडे, हॅलिबर्टन पेसर्सकडे) काढून कोणी मला डिवचणार असेल तर आधीच सांगते, तो ट्रेड चुकला असं मी आजही म्हणणार नाही. हॅलिबर्टन गेला हे दुःख आहेच. पण पुढच्याच सीझनला ४८ विजय आणि १६ सीझनांनी प्लेऑफ. एल्बोवर, म्हणजे फ्री थ्रो रेषेच्या टोकाला, बॉल घेऊन उभा असलेला साबोनिस, त्याच्याभोवती फिरणारे फॉक्स, ह्युर्टर, मरे. त्या वर्षी आमच्यासारखं आक्रमण लीगमध्ये कोणाचंच नव्हतं.

काका, सी-२०२: रिबाउंडचंही सांग. सलग तीन सीझन लीगमध्ये पहिला आहे तो. आमच्या वेळी नागपुरात पिव्होटला पहिलं काम एकच असायचं, रिबाउंड काढ आणि बॉल बाहेर दे. पेसर्सची तीच बाजू लंगडी आहे. मला निखिलचं पटतं.

ओंकार, बी-७०४: काका, थोडं सविस्तर लिहितो, कारण हे मी बरेच दिवस मनात घोळवतोय.

५ ऑक्टोबर २०१९ ला वरळीच्या एनएससीआय डोममध्ये आपण एकत्र बसलो होतो. समोर किंग्ज, आणि साबोनिस आणि टर्नर दोघंही पेसर्सच्या जर्सीत. त्या सीझनला त्यांना एकत्र स्टार्ट करायला लागले. दोघंही गुणी, दोघंही मेहनती. पण साबोनिसला बॉल हातात हवा आणि पेंटमधली, म्हणजे बास्केटखालच्या रंगवलेल्या चौकोनातली, जागा हवी. मग टर्नरला काय उरलं? कोपऱ्यात जाऊन उभं राहणं. लीगमध्ये दोनदा ब्लॉकमध्ये पहिला आलेला माणूस तिकडून नुसता बघत राहायचा. शेवटी एकाला जावंच लागलं.

आता साबोनिस गेल्यावर टर्नरचं काय झालं बघा. हॅलिबर्टन वरून येतो, टर्नर स्क्रीन लावतो (बचाव करणाऱ्याची वाट अडवतो) आणि रिमकडे धावण्याऐवजी मागे सरकून तीनच्या रेषेबाहेर थांबतो. समोरच्या सेंटरची पंचाईत होते. बाहेर जावं तर पेंट मोकळा, आत थांबावं तर टर्नर शॉट टाकणार. या सीझनला तीनमधून जवळपास ४० टक्के बसले त्याचे. त्या मोकळ्या पेंटमध्ये सियाकम शिरतो, नेमहार्ड शिरतो, पाठीमागून टॉपिन उडी मारून येतो. आणि दुसऱ्या टोकाला तोच टर्नर रिम सांभाळतो. पेसर्सचा सगळा वेग या एका माणसाच्या जागेवर उभा होता. फायनलमध्ये त्याचे शॉट बसले नाहीत हे खरं, पण ही जागा कोणी भरायची हा प्रश्न त्याने सुटत नाही.

साबोनिस आला तर पेंट पुन्हा भरतो. आणि रिम? सामन्याला सरासरी एक ब्लॉकसुद्धा नाही त्याचा.

निखिल, डी-५०१: या सीझनला साबोनिसनेही तीनमधून ४१ टक्क्यांच्या वर मारलेत. आकडे बघून बोल.

सई, ए-११०३: सामन्याला दोन-अडीच शॉट घेऊन. त्याला बाहेर मोकळं सोडायला अजून कोणी घाबरत नाही. मी रोज बघते रे. माझा लाडका खेळाडू आहे, तरी सांगते, त्याच्या शेजारी एक उंच, ब्लॉक करणारा फॉरवर्ड लागतो. किंग्जनी तो कधी आणलाच नाही. डीरोझन आणला, लव्हीन आणला. व्हॅलान्चुनस फेब्रुवारीत आणला आणि आता डेन्व्हरला देऊनही टाकला. मरेवर सगळा भार. माझी तक्रार साबोनिसवर नाहीच, त्याच्या शेजारच्या रिकाम्या जागेवर आहे.

ओंकार, बी-७०४: हेच! मोठा माणूस कोण, हे नंतर. त्याच्या शेजारी कोण उभा राहणार, हे आधी विचारायचं.

सेक्रेटरी: कृपया नोंद घ्यावी, पोडियम कोर्टचे दिवे रात्री १० वाजता बंद होतील. रिंगला लटकू नये.

काका, सी-२०२: नोंद घेतली साहेब.
ओंकार, फायनल जिंकलेल्या थंडरचं बघ मग. होल्मग्रेन आणि हार्टेनस्टाइन, दोन उंच माणसं. सातव्या सामन्यात होल्मग्रेनचे ५ ब्लॉक. तिथे गर्दी झाली नाही ती?

ओंकार, बी-७०४: नाही झाली, कारण होल्मग्रेन बाहेरून मारतो आणि हार्टेनस्टाइन आतून पास देतो. दोघांची कामं वेगळी आहेत. हार्टेनस्टाइनसाठी तर ट्रेडही करावा लागला नाही, २०२४ मध्ये फ्री एजंट (करार संपलेला, मोकळा खेळाडू) म्हणून घेतला.

ट्रेडचं उदाहरण हवं तर डॅलसचं घ्या. फेब्रुवारी २०२४, एकाच दिवशी शार्लटकडून पी. जे. वॉशिंग्टन आणि वॉशिंग्टन टीमकडून गॅफर्ड. दोघांपैकी एकही ऑल-स्टार नाही. पण त्यांच्या तेव्हाच्या स्टारला, डॉनचिचला, वर उडी मारून बॉल पकडणारा सेंटर हवा होता आणि कोपऱ्यातून मारणारा, अंगानं दणकट फॉरवर्ड हवा होता. नेमके तेच आणले. थंडरविरुद्ध सहाव्या सामन्यात शेवटच्या सेकंदांत फ्री थ्रो टाकून मालिका संपवली ती वॉशिंग्टननेच. पुढे टीम फायनललाही पोचली. मोठ्या नावांच्या मागे लागण्यापेक्षा मला हा ट्रेड शंभर वेळा आवडेल.

निखिल, डी-५०१: आणि सेंटर गोबेअर? मिनेसोटानं २०२२ मध्ये त्याच्यासाठी युटाला चार फर्स्ट राउंड पिक (ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत नवा खेळाडू निवडायचे हक्क), एक स्वॅप (पिकची अदलाबदल), वर पाच खेळाडू दिले. त्यातला केसलर आज युटाचा सेंटर आहे. जगभर हसले लोक. मग २०२४ आणि २०२५, दोन्ही वर्षी कॉन्फरन्स फायनल. यंदा लेकर्सला घरी पाठवलं त्या सामन्यात गोबेअरचे २७ पॉइंट, २४ रिबाउंड. हिंमत लागते!

काका, सी-२०२: लेकर्सकडे त्या मालिकेत पिव्होटच नव्हता रे. डेव्हिस देऊन डॉनचिच घेतला, मग मार्क विल्यम्सचा ट्रेड मेडिकलमध्ये रद्द केला. मधली जागा रिकामी ठेवून प्लेऑफला उतरले. आता एटनला घेतलंय म्हणे. तेच मी म्हणतोय, ती जागा रिकामी ठेवायची नसते. पेसर्सनी लगेच कोणीतरी घ्यावा.

ओंकार, बी-७०४: काका, लेकर्सना त्याच वर्षी जिंकायचं होतं. पेसर्सचं तसं नाही. हॅलिबर्टनशिवाय हे वर्ष विजेतेपदाचं नाहीच. आणि जूनमध्ये त्यांनी एक फार शहाणं काम केलंय. फायनल चालू असतानाच २३ वी पिक न्यू ऑर्लिन्सला देऊन स्वतःची २०२६ ची फर्स्ट राउंड पिक परत घेतली, तीही हॅलिबर्टनचं अकिलीस तुटायच्या आधी. आता टीम खाली घसरली तर ती पिक खूप वरची लागू शकते. अशी पिक घाईघाईत एखाद्या सेंटरवर घालवायची?

सई, ए-११०३: पैशांचं पण बोल. जवळजवळ २० वर्षं लक्झरी टॅक्स (पगारांची ठरलेली मर्यादा ओलांडली की लागणारा दंड) भरलेला नाही पेसर्सनी. साबोनिसचा पगार वर्षाला चार कोटी डॉलरच्या वर. पगार जुळवायला बदल्यात कोण जाणार? सियाकम द्यावा लागेल.

निखिल, डी-५०१: सियाकम नाही द्यायचा.

सई, ए-११०३: मग साबोनिस नाही येत. एवढंच.

ओंकार, बी-७०४: सियाकमला हात लावायचाच नाही. जानेवारी २०२४ मध्ये तीन फर्स्ट राउंड पिक देऊन आणला, आणि दीड वर्षात ईस्टर्न कॉन्फरन्स फायनलचा एमव्हीपी (सर्वोत्तम खेळाडू). पेसर्सचा फ्रंटकोर्ट (फॉरवर्ड-सेंटरचा) ट्रेड म्हणजे हाच, असं मी छातीठोकपणे सांगेन. तो पोस्टमध्ये (बास्केटजवळ) खेळतो, धावतो, बाहेरून मारतो. म्हणूनच त्याच्या शेजारच्या सेंटरने जागा अडवता कामा नये.

काका, सी-२०२: बरं, मग यंदा मधे उभं कोणाला करणार? नाव सांग.

ओंकार, बी-७०४: जे हफ. मेम्फिसकडून येतोय, सेकंड राउंडच्या किमतीत. सात फूट एक इंच, तीनमधून ४० टक्क्यांच्या वर, शॉटही अडवतो. टर्नरचं काम छोट्या मापात करेल. रिबाउंडला कमी पडेल, तिथे तुमचं म्हणणं मला मान्य आहे. जोडीला आयझाया जॅक्सन, पण तो अकिलीसच्या दुखापतीतून येतोय, त्याच्यावर पूर्ण भिस्त नको. हे वर्ष असं काढायचं.

आणि फेब्रुवारीत, ट्रेड डेडलाइनच्या आधी, एका माणसासाठी मी खरंच फोन करेन. क्लिपर्सचा झुबात्स. या सीझनला १६.८ पॉइंट, १२.६ रिबाउंड, ऑल-डिफेन्सिव्ह सेकंड टीम. वय २८. पगार साबोनिसच्या निम्म्याहून कमी.

निखिल, डी-५०१: आत्ता दोन तास जागा अडते, जागा अडते म्हणत होतास. झुबात्स तीनमधून मारतो का?

ओंकार, बी-७०४: नाही मारत. प्रश्न बरोबर आहे. पण तो बॉल हातात मागत नाही. स्क्रीन लावेल, रिमकडे जाईल, पास आला तर हुक टाकेल, नाही आला तर रिबाउंडला जाईल. हॅलिबर्टनला टर्नरबरोबर जे मिळत होतं त्याहून वेगळं, पण मिळेल. वर रिम सांभाळेल, आणि काकांचा रिबाउंडही येईल. साबोनिसमध्ये यातलं एकच आहे.

सई, ए-११०३: क्लिपर्सनी लोपेझ घेतलाय, पण तो बेंचवरून यायला. झुबात्स फुकट सोडणार नाहीत. काय देशील?

ओंकार, बी-७०४: मॅथुरिन. आणि पगार जुळवायला लागेल तो एखादा खेळाडू. २०२६ ची पिक शेवटपर्यंत धरून ठेवेन, फार ताणलं तर वरच्या काही नंबरांचं संरक्षण लावून देईन (तितकी वर लागली तर पिक आपल्याकडेच).

काका, सी-२०२: मॅथुरिन?! फायनलच्या तिसऱ्या सामन्यात बेंचवरून येऊन २२ मिनिटांत २७ पॉइंट मारणारा पोरगा? नाही. मुळीच नाही.

ओंकार, बी-७०४: काका, त्याचा करार पुढच्या उन्हाळ्यात संपतोय. तेव्हा तो स्टार्टरचा पगार मागेल आणि जागा मात्र नेमहार्डच्या मागेच मिळेल. टर्नरला तसाच फुकट जाऊ दिला, बदल्यात काही हाती आलं नाही. मॅथुरिनच्या बाबतीत पुन्हा तेच करायचं का?

काका, सी-२०२: त्याला आधी हॅलिबर्टनशिवाय सहा महिने पूर्ण मोकळीक देऊन खेळवा. २५ च्या वर सरासरी गेली तर मी तुला हाच मेसेज परत दाखवीन.

सई, ए-११०३: काकांचं एक बरोबर आहे. मोकळीक दिली तर त्याची किंमतही वाढेल, मग पिक जोडावीच लागणार नाही कदाचित.

निखिल, डी-५०१: म्हणजे फेब्रुवारीपर्यंत तिघांपैकी कोणीच साबोनिस घेऊ देणार नाही मला.

सई, ए-११०३: नाही. तो आमच्याकडेच राहणार, आणि त्याच्या शेजारी यंदा तरी एक शॉट-ब्लॉकर हवा. आता त्यावर बोला, पेसर्सचं खूप झालं.