ओसाड बेट की निर्जन बेट?

घोडबंदरची सून: लेकीसाठी 'रॉबिन्सन क्रूसो'तला एक उतारा मराठीत करतेय, उद्या शाळेत द्यायचाय. 'ओसाड बेट' लिहिलं तर सासूबाईंनी अडवलं. म्हणाल्या, रानशेळ्या आहेत, द्राक्षं आहेत, तो त्यांच्या मनुका करतो, मग ओसाड कसलं? काय लिहू?

वाशीकर: 'निर्जन' लिहा. ओस पडायला आधी वस्ती लागते. गाव ओस पडतं, वाडा ओस पडतो. 'ओस' हा संस्कृत 'उद्वस'वरूनच आलाय, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

कोपरीवाला: व्युत्पत्ती काही सांगो, आम्ही लहानपणापासून गोष्टीत 'ओसाड बेट'च ऐकलं. रूढ झालं ते बरोबर. माझ्या आजीच्या तोंडून 'निर्जन' कधी निघालं नसतं.

वाशीकर: सगळे चुकतात म्हणून चूक बरोबर होत नाही हो.

खाडीकाठची: मला तर 'बेट'च अडतं. माझं माहेर शहापूरकडचं, तिथे बेट म्हणजे बांबूचं. पाण्यातल्या बेटाला कोकणात 'जुवा' म्हणतात, जैतापूरच्या खाडीत जुवे आहेच. वाशीचं जुहूगाव, भिवंडीकडचं जूनांदुर्खी ही नावंही त्यातलीच, असं माझे वडील सांगायचे.

कोपरीवाला: आणि आपलं ठाणं साष्टी बेटावर! कळव्याचा पूल ओलांडला की बेट संपलं. रोज जाता-येता कुणाच्या लक्षात येतं?

घोडबंदरची सून: पुढच्या ओळीतही अडलेय. अठ्ठावीस वर्षं तो तिथे काढतो. त्याला 'एकांत' म्हणू की 'एकटेपणा'?

खाडीकाठची: एकांत नको. वडील निवृत्त झाल्यावर म्हणायचे, "जरा एकांत मिळू दे." आई गेली, त्यानंतर तो शब्द त्यांच्या तोंडून ऐकला नाही. संध्याकाळी दोन कप काढायचे आणि एक परत फळीवर ठेवायचे. क्रूसो पोपटाला स्वतःचं नाव बोलायला शिकवतो ना, ते वाचताना मला ते कपच दिसतात.

वाशीकर: मग 'एकलेपण' घ्या. जुना, अस्सल शब्द आहे.

कोपरीवाला: पाचवीतल्या मुलीला? 'एकटेपणा'च बरा. बाकी ते जुहूगावचं खरं असेल तर गावातल्या म्हाताऱ्यांना विचारायला हवं. भरतीला गावाभोवती पाणी फिरायचं का?

खाडीकाठची: रविवारी आत्याकडे जातेय तिथे. विचारते.